लेक म्हणते सिनेमा खोटा आहे, आणि तो माझा लाडका सिनेमा आहे

प्रिय ताई,
आम्ही म्युनिकला राहतो, ११ वर्षं झाली. माझं लहानपण ठाण्याचं. आठ-नऊ वर्षांची असताना मावशीकडे व्हीसीआरवर 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' हा सिनेमा बघितला होता आणि तो पांढरा उडणारा ड्रॅगन, ते गाणं, सगळं माझ्या डोक्यात कायमचं राहिलं. माझ्या लेकीनं, वय १०, या वर्षी त्याचं मूळ जर्मन पुस्तक वाचलं, एकदा नाही तीनदा. मी इतकी खूश झाले की तिच्या वाढदिवसाला मैत्रिणींना बोलावून घरी तोच सिनेमा लावला, सरप्राइज म्हणून. अर्ध्यात ती उठून बाथरूममध्ये जाऊन बसली. शेवटाला परत आली, तो बघितला आणि सगळ्यांसमोर रडत म्हणाली, हे खोटं आहे, फुखुर (म्हणजे तो ड्रॅगन) असा नाहीये, तो आपल्या जगात येऊच शकत नाही, तुम्ही खोटं दाखवताय. मी पण चिडले. म्हटलं तुला कशातच आनंद नाही, एवढं हौसेनं केलं. नवरा म्हणाला अगं पुस्तक वेगळं सिनेमा वेगळा, त्यात रडण्यासारखं काय. आता तीन आठवडे झाले, पुस्तक कपाटात पाठ भिंतीकडे करून ठेवलंय, हात लावत नाही. म्हणते डोळे मिटले की आता सिनेमातला फुखुर, तो कुत्राच दिसतो. माझं चुकलं का? तिचं पुस्तक तिला परत मिळेल का? आणि आता याच्यावर नवीन सिनेमे येणार म्हणतात, तर तिला न्यायचं की नाही?
एक आई, म्युनिक

अगं,

तुझं पत्र वाचलं आणि आधी कपाटात पाठ करून ठेवलेल्या त्या पुस्तकाचंच चित्र डोळ्यासमोर आलं, बराच वेळ हललंच नाही. कारण ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याच्याकडे मूल असं तोंड फिरवत नाही, नको असलेलं पुस्तक पलंगाखाली जातं, दप्तराच्या तळाशी जातं, विसरलं जातं. तिनं ते जपून, उभं, पण उलटं ठेवलंय. म्हणजे परत मिळेल की नाही या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुझ्याच कपाटात आहे.

पण आधी तिच्या त्या वाक्याबद्दल बोलू या, की फुखुर आपल्या जगात येऊच शकत नाही. तुला वाटलं हट्टीपणा करतेय. मला मात्र ते वाचून अंगावर काटा आला, कारण तिनं ते पुस्तक फार म्हणजे फार नीट वाचलंय. आठव, किंवा तू पुस्तक वाचलं नसशील तर सांगते. फँटाझिएनला, म्हणजे पुस्तकातल्या कल्पनेच्या जगाला, गिळत चाललेलं ते 'काहीच नाही' असतं ना, त्याबद्दल ग्मोर्क हा लांडगा एका ओसाड गावात आत्रेयूला, ते जग वाचवायला निघालेल्या मुलाला, एक भयंकर गोष्ट सांगतो. फँटाझिएनमधलं जे कोणी त्या पोकळीत ओढलं जातं ते माणसांच्या जगात येऊन पडतं, पण स्वतःच्या रूपात नाही, तर असत्य म्हणून, खोट्या कल्पना म्हणून, माणसांना फसवणाऱ्या भ्रमांच्या रूपात. पुस्तकातलं सगळ्यात काळं पान बहुतेक तेच. आता सिनेमाचा शेवट काय आहे? बास्टियान, म्हणजे ही गोष्ट वाचणारा माणसांच्या जगातला मुलगा, ड्रॅगनवर बसून स्वतःच्या शहरात येतो आणि त्याला त्रास देणाऱ्या पोरांना गल्लीगल्लीतून पळवत कचऱ्याच्या पेटीत घालतो. तुला मला आठव्या वर्षी ते बघून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, कोणाला वाटणार नाहीत. पण ज्या मुलीनं ग्मोर्कचं पान तीनदा वाचलंय तिच्यासाठी त्या क्षणी तिचा लाडका फुखुर खोटं झाला, अक्षरशः, पुस्तकाच्याच नियमाप्रमाणे. ती 'हे खोटं आहे' म्हणाली ते वैतागून नाही म्हणाली गं, ती अचूक बोलत होती. आणि तिचं ऐकणारं त्या खोलीत कोणीच नव्हतं.

म्हणून तुझं चुकलं का, तर हो, एका ठिकाणी चुकलं. सिनेमा लावलास ते नाही, ते तर प्रेमानंच केलंस, स्वतःच्या लहानपणाचा तुकडा तिच्या हातात ठेवलास. 'तुला कशातच आनंद नाही' हे चुकलं, आणि तेही मैत्रिणींसमोर. ज्या मुलीला एका पुस्तकातून एवढा आनंद झाला की तिनं ते तीनदा वाचलं तिला हे वाक्य किती लागलं असेल. त्याची माफी सरळ माग. फिरवून नको, केक करून नको. 'मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं, नाही घेतलं, सॉरी', एवढंच, आणि त्याला जोडून 'पण तू पण' असलं काही नको.

आणि मग तिला एक गोष्ट सांग जी तिला बहुतेक माहीत नसेल. तिच्या बाजूनं एक माणूस उभा होता, आणि तो दुसरा तिसरा कोणी नाही, स्वतः लेखक, मिखाएल एंडे. पुस्तक आलं १९७९ मध्ये. सिनेमा तुमच्याच शहराला लागून, गाइझलगास्टाइगच्या बाव्हारिया स्टुडिओत बनला आणि १९८४ च्या एप्रिलमध्ये रिलीज झाला, खर्च साधारण ६ कोटी मार्क, तोवरचा जर्मनीतला सगळ्यात महागडा सिनेमा म्हणायचे त्याला. पटकथेवर सुरुवातीला एंडे स्वतः दिग्दर्शक वोल्फगांग पेटरसनबरोबर बसला होता, मग ती त्याला न विचारता बदलत गेली, आणि जेव्हा त्याला कळलं की काय झालंय तेव्हा तो एवढा भडकला की म्हणाला एक तर हे थांबवा नाही तर नाव बदला. कोर्टात गेला, हरला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून स्वतःचं नाव मात्र त्यानं काढायला लावलं. पत्रकारांसमोर तो त्या सिनेमाला किच (सवंग, भडक), धंदा, प्लश आणि प्लॅस्टिकचा अवाढव्य मेलोड्रामा म्हणाला होता. पन्नाशीतला, जगभर वाचला जाणारा माणूस. तुझी लेक १० वर्षांची आहे, तिच्याकडे कोर्ट नाही, पत्रकार नाहीत, बाथरूम होतं, ती तिथे जाऊन बसली. तिला हे कळू दे की जे तिला झालं तेच ज्यानं ते लिहिलं त्यालाही झालं होतं.

तुझ्या नवऱ्याचं वाक्य, पुस्तक वेगळं सिनेमा वेगळा, हे खोटं नाहीये. पण ते ज्याचं दुखणं बरं झालंय त्यानं बोलायचं वाक्य आहे. रडणाऱ्या मुलाला ते सांगितलं की त्याचा अर्थ होतो, आता पुरे, विषय संपला. आणि या बाबतीत तर ते पुरतंही नाही, कारण इथे नुसतं रूप बदललेलं नाहीये. तुला कल्पना आहे का तो सिनेमा पुस्तकात कुठे संपतो? अर्ध्यात. पुस्तकात २६ प्रकरणं आहेत, ए पासून झेड पर्यंत प्रत्येक प्रकरण पुढच्या अक्षरानं सुरू होतं (तिच्या प्रतीत बघ, बहुतेक दोन रंगांची शाईसुद्धा असेल, आपलं जग लाल आणि फँटाझिएन हिरवट), आणि सिनेमा बाराव्या-तेराव्याच्या आसपास थांबतो आणि वर एक स्वतःचा शेवट चिकटवतो. तिथे फँटाझिएनची बालसम्राज्ञी बास्टियानला म्हणते इच्छा कर, हव्या तेवढ्या कर. सिनेमा म्हणतो, वा, झालं, आणि उडायला लागतो. पुस्तक खरं तर तिथून पुढे सुरू होतं. कारण प्रत्येक इच्छेची किंमत असते, एक इच्छा पूर्ण झाली की आपल्या जगातली एक आठवण जाते. तो जाडा, घाबरट मुलगा देखणा होतो आणि आपण कधी जाडे होतो हेच विसरतो, शूर होतो, शहाणा होतो, आणि एकेक करून सगळं विसरत जातो, ज्या आत्रेयूनं त्याच्यासाठी जीव पणाला लावला त्याच्यावरच तलवार उपसतो, आणि एका अशा शहरात पोचतो जिथे त्याच्यासारखीच आधी आलेली माणसं आहेत, ज्यांच्याकडे एकही आठवण उरलेली नाही, ती नुसती अक्षरांचे फासे टाकत बसलेली असतात, वर्षानुवर्षं. शेवटी स्वतःचं नाव सुद्धा जातं. आणि त्याला घरी आणतं काय, तर विसरलेल्या स्वप्नांच्या खाणीत अंधारात चाचपडत शोधलेलं एक चित्र, बर्फात गोठलेला एक माणूस, जो त्याचा बाप आहे पण हे त्याला आता माहीत नाही, नुसती ओढ वाटते. (ही खाण एका चित्रकाराच्या मुलानं लिहिलीय हे पण तिला सांग. वडील एडगर एंडे, नाझींनी त्यांच्या चित्रांवर बंदी घातली होती.)

सिनेमातला बाप आठवतो तुला? सकाळी नाश्त्याला एक सीन, मिक्सरमध्ये काहीतरी घुसळत मुलाला सांगतो की पाय जमिनीवर ठेव. संपलं. पुस्तकात शेवटी मुलगा त्याच्यासाठी जीवनाचं पाणी ओंजळीत घेऊन निघतो, ते वाटेत सांडतं, हात रिकामे घेऊन तो घरी येतो, सगळी गोष्ट सांगतो, आणि बापाच्या डोळ्यात पाणी बघून त्याला कळतं की आणलं, आपण आणलंच. मी हे टाइप करताना पण थांबले. तर ज्या मुलीच्या पोटात हे सगळं आहे तिच्यासमोर कचऱ्याच्या पेटीवर संपणारी गोष्ट ठेवली आणि म्हटलं बघ, तुझं पुस्तक.

बरं, आता तो कुत्रा. डोळे मिटले की तोच दिसतो हे तिचं दुःख मला अगदी आतून कळतं. माझी आजी कोकणात आमच्या घरामागच्या पिंपळावरच्या ब्रह्मराक्षसाची गोष्ट सांगायची, आणि माझ्या डोक्यात त्याला तोंडच नव्हतं, पाय मुळांसारखे आणि ओल्या पाचोळ्याचा वास, बस. मी नऊ वर्षांची असताना गावात पोरांचं एक नाटक आलं, त्यात ब्रह्मराक्षस होता, काळं कांबळं, कोळशानं रंगवलेलं तोंड आणि लाल कापडाची लोंबती जीभ. सगळी पोरं हसली. मी घरी येऊन जेवले नाही. दोन रात्री पिंपळाकडे बघितलं की ती कापडाची जीभ. आजी मला 'अगं नाटकच ते' असं म्हणाली नाही. तिनं मला जवळ घेतलं आणि विचारलं, मग तुझा कसा होता गं? आणि मी बोलत सुटले, पाय कसे, वास कसा, तो पावसात काय करतो, कोणाला घाबरतो, जे आजीनं कधी सांगितलंच नव्हतं ते सुद्धा, माझं माझं. आजी मध्येच विचारायची, आणि झोपतो कुठे? संध्याकाळ गेली. जीभ कधी पुसली गेली मला कळलं पण नाही.

तू तेच कर. फुखुर कसा आहे ते तिला विचार. तू सांगू नकोस, तिला सांगू दे. पुस्तकातला ड्रॅगन सिंहासारख्या तोंडाचा आहे, पंख नाहीत, अंगावर मोत्यासारखे खवले, डोळे माणकासारखे लाल, आवाज मोठ्या घंटेसारखा घुमणारा, आणि तो हवेत पोहल्यासारखा जातो. तिच्याकडे याच्याही पलीकडचं बरंच असेल. चित्र काढायला लाव असं मी लगेच म्हणणार नाही, काढलं आणि जमलं नाही तर अजून एक चुकीचा फुखुर डोक्यात बसायचा. आधी नुसतं बोलू दे. तसंच आर्टाक्स, आत्रेयूचा घोडा. सिनेमात घोडा दलदलीत मुकाट बुडतो आणि आपण सगळे रडलो होतो, मी पण. पण पुस्तकात आर्टाक्स बोलतो. तो आत्रेयूला स्वतः सांगतो की मला सोड, जा. तिला विचार तो काय म्हणाला, कोणत्या आवाजात म्हणाला.

आणि हे सगळं मराठीत होऊ दे. तू पुस्तक वाचलेलं नाहीयेस असं मी धरून चाललेय, तू लिहिलंयस फक्त सिनेमाचं. मग सरळ म्हण, मला अर्धीच गोष्ट माहीत आहे, उरलेली तू मला सांग, रोज रात्री थोडी, तू जर्मनमध्ये वाच आणि मला मराठीत सांग. ठाण्याला आजी असेल तर व्हिडिओ कॉलवर तिलाही बसव. जेव्हा ती सांगणारी होईल तेव्हा पुस्तक भिंतीकडून आपोआप इकडे वळेल, ते कसं वळतं ते बघायला जाऊ नकोस, काही बोलूही नकोस. तिचं मराठी अडखळेल, अडखळू दे, 'काहीच नाही'ला मराठीत काय म्हणायचं यावर तुमची अर्धा तास चर्चा झाली तर त्याच्यासारखं सुख नाही.

आता तुझं. तू पत्रात विचारलं नाहीस, पण त्या चिडण्याच्या खाली जे होतं ते मला दिसलं, तुला पण लागलंय. तुझ्या लहानपणाला कोणीतरी खोटं म्हणालं. तर तो सिनेमा टाकून देऊ नकोस, तिला खूश करायला 'हो गं, घाणेरडाच आहे' असं तर मुळीच म्हणू नकोस, ती लगेच ओळखेल. तिला मावशीच्या घरातली ती संध्याकाळ सांग. तुला जर्मन येत नव्हतं, असं काही पुस्तक आहे हेच तुला माहीत नव्हतं, कॅसेटमधून फँटाझिएनचा जेवढा तुकडा ठाण्यापर्यंत पोचला तेवढाच तुला मिळाला आणि तू तो एवढी वर्षं सांभाळलास. गंमत म्हणजे तू जे गाणं गुणगुणतेस ते तिथल्या जर्मन आवृत्तीत नाहीचे, ते बाहेरच्या देशांसाठीच्या आवृत्तीत घातलेलं. म्हणजे तुझ्या शेजारच्या तुझ्याच वयाच्या जर्मन बाईच्या लहानपणात तो सिनेमा आहे पण ते गाणं नसेल. आणि मला विचारशील तर त्या सिनेमात खरं काही आहे. तो दगड खाणारा राक्षस आपले मोठे मोठे हात बघत बसतो, ज्यांना मित्र धरून ठेवता आले नाहीत, तो सीन मी अजूनही विसरलेले नाही. पण ते तुझं प्रेम आहे. ते तिनं वारशात घेतलंच पाहिजे असं नाही, जसं तिचं पुस्तक तू आजवर घेतलं नव्हतंस.

म्युनिकला आहेस म्हणून अजून एक. ओबरमेन्झिंगला ब्लुटेनबुर्गचा वाडा आहे, त्यात इंटरनॅशनल युथ लायब्ररी आहे, येला लेपमान नावाच्या बाईनं युद्धानंतर, १९४९ मध्ये, मुलांसाठी उभी केलेली, आणि तिथेच मिखाएल एंडेचं छोटं म्युझियम आहे. शनिवारी-रविवारी नको धरूस, आधी उघडं कधी असतं ते बघ आणि जा, फक्त तुम्ही दोघी, नवऱ्याला नको आणि मैत्रिणींना नको. जगभरच्या भाषांमधली मुलांची पुस्तकं आहेत तिथे. मराठी कुठे आहेत ते तिलाच विचारायला लाव काउंटरवर. गाइझलगास्टाइगच्या स्टुडिओत तो सिनेमातला ड्रॅगन ठेवलाय, पोरं त्यावर बसून फोटो काढतात, तिथे मात्र आत्ता नको. ती स्वतः म्हणाली तरच. कधीतरी म्हणेल, मोठी झाली की, आणि तेव्हा त्याच्याकडे बघून हसेल सुद्धा, पण ती घाई आपण करायची नाही.

नवीन सिनेमांचं म्हणशील तर २०२४ मध्ये घोषणा झालीय, एक नाही तर अनेक सिनेमे करायचे असं म्हणतायत, म्हणजे निदान दुसऱ्या अर्ध्या भागाला जागा मिळू शकते. पण त्यातला आत्रेयू हिरव्या कातडीचा असेल का, आर्टाक्स बोलेल का, भटक्या डोंगरावरचा तो म्हातारा असेल का, जो सगळी गोष्ट पहिल्यापासून परत परत लिहीत राहतो जोवर बास्टियान नाव उच्चारत नाही (जुन्या सिनेमात तो गाळलाच होता, माझ्या मते ती सगळ्यात मोठी चूक), हे बघितल्याशिवाय कळणार नाही. न्यायचं की नाही ते तिला ठरवू दे. नाही म्हणाली तर विषय संपला, 'सगळे जातायत' हे कारण नाही होत. हो म्हणाली तर बाहेरच्या बाजूच्या खुर्च्या घे आणि आधीच सांगून ठेव की मध्येच उठायचं असेल तर माझा हात दाब, आपण दोघी उठू, मी काही विचारणार नाही. तिकिटाचे पैसे गेले म्हणून बसून राहायचं नाही. बाथरूममध्ये तिनं एकटीनं बसायचं नाही, एवढंच मला हवंय.

आणि सुरुवात कुठून करू असं वाटत असेल तर नावापासून कर. फँटाझिएन वाचतं ते बालसम्राज्ञीला माणसाच्या मुलानं नवीन नाव दिल्यामुळे. सिनेमात बास्टियान ते नाव खिडकीतून वादळात ओरडतो आणि आवाजात ते धड ऐकूच येत नाही, मला लहानपणी किती दिवस प्रश्न पडला होता की तो काय म्हणाला. जर्मन पुस्तकात ते आहे मोंडेनकिंड, चंद्राचं मूल. आज रात्री तिच्या पलंगावर जाऊन बस, माफी मागून झाली की विचार, की मला सिनेमात ते नाव कधी ऐकूच आलं नाही गं, काय होतं? आणि तिनं जर्मनमध्ये सांगितलं की म्हण, आपल्याकडे, मराठीत, तिला काय हाक मारायची? ती जे म्हणेल ते मला कळव. वाट बघतेय.

तुझी,
ताई